चष्म्याचं ठरलं होतं

“मुका मार तिसऱ्या दिवशी बोलतो,” असं ती एकदा म्हणाली होती.

भर मीटिंगमध्ये, चहाचा कप हातात असताना म्हणाली आणि विसरून गेली. आपलं वाक्य कुणी उचलून नेईल, भिंतीवर टांगेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. हॉस्पिटलात तिच्या बोलण्याला तसा कुणी भाव देत नसे. तिच्या पट्टीला देत. पांढऱ्या कोटाच्या खिशात तिची एक प्लास्टिकची पट्टी कायम असायची, काटकोनात वळलेली, दोन्ही अंगांना सेंटिमीटरच्या खुणा असलेली. ती जखमेशेजारी ठेवायची आणि मग फोटो काढायचा, म्हणजे जखम केवढी होती यावर पुढं कोर्टात कुणाला वाद घालता येत नाही. त्या पट्टीवरून तिला मोजपट्टी हे नाव पडलं. तोंडावर सिस्टर, पाठीमागं मोजपट्टी. तिला दोन्ही ऐकू यायची.

घरात मार खाल्लेल्या, कुणी जबरदस्ती केलेल्या बायका हॉस्पिटलात येत. त्यांच्यावर उपचार करणारे वेगळे होते. त्यांच्या अंगावर काय झालंय ते कोर्टाला कळेल अशा रीतीनं नोंदवायचं, हे मोजपट्टीचं काम. तळमजल्यावर एक्स-रेच्या पलीकडं तिची खोली होती. दारावर पाटी नव्हती. पाटी नको, असं तिनंच हट्टानं सांगितलं होतं. दारावरचं नाव वाचून बाईकडं बघणारे कॉरिडॉरमध्ये पुष्कळ असतात. आत एक पलंग, एक पडदा, खिडकीला दुधी काच, आणि एक बुटकं स्टूल. स्टुलावर ती स्वतः बसायची. समोरच्या बाईला मान वर करून बोलावं लागू नये, एवढाच त्यामागं हेतू.

उजेडाचं तिला लहानपणापासून कळे. तिच्या बापाचा फोटो स्टुडिओ होता. बाप बारीक पेन्सिल घेऊन निगेटिव्हवर वाकून बसायचा आणि लोकांच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसून टाकायचा. आता म्हातारा झाला होता, डोळ्यांत मोतीबिंदू, तिच्याच घरी राहायचा. “मी जन्मभर लोकांचे डाग घालवले,” असं तो आल्यागेल्याला सांगे, “आणि ही कार्टी डाग शोधत हिंडते. धंदा बुडवला आमचा.” यावर ती म्हणे, “तुमची गिऱ्हाइकं पैसे देऊन हसायची, बाबा. माझी तशी नाहीत.”

आता त्या वाक्याचं. मुका मार लागला की त्या दिवशी अंगावर काही दिसत नाही. गळा दाबलेला असतो, दंड पिरगाळलेला असतो, बाईला गिळता येत नसतं, आणि कातडी मात्र कोऱ्या कागदासारखी. निळं-जांभळं वर यायला वेळ लागतो. म्हणून मोजपट्टी प्रत्येकीला सांगायची, परवा परत ये. पण परवा परत येणं हीच खरी अडचण. पहिल्या दिवशी बाई जिवावर उदार होऊन आलेली असते, परवा तिला घरातल्यांना सांगून बाहेर पडायचं असतं. त्यावर मोजपट्टीनं आपली एक रीत बसवली होती. बाई खोलीतून निघण्याआधी दोघी मिळून एक निमित्त ठरवत. कुणाची दाढ दुखायची, कुणाला रक्तदाब निघायचा, कुणाच्या मुलाला गोवराची लस राहिलेली असायची. निमित्त बाईनं स्वतः सुचवलेलं असलं पाहिजे, हा तिचा नियम. दुसऱ्यानं शिकवलेलं खोटं घरी टिकत नाही. मग दोघी ते एकदा मोठ्यानं म्हणून बघत. मोजपट्टी सासू व्हायची.

“कुठं निघालीस?”

“दाढ.”

“काल तर चांगली चावत होतीस.”

एवढ्यावर बाई हसायची. जिचा ओठ फुटलेला असे तीसुद्धा. हसून झाल्यावर ती नक्की येणार, हे मोजपट्टीला कळायचं.

पुढं हॉस्पिटलात टॅब्लेट आला आणि त्यात ॲप आलं. मोजपट्टी त्याच्या विरोधात होती असं कुणी समजू नये. उलट तिनंच त्यासाठी वर्षानुवर्षं अर्ज केले होते. त्याआधी फोटो कुणाच्याही फोनवर निघत, कुठंही जात. ॲपमध्ये फोटो काढला की त्यावर तारीख-वेळ आपोआप बसे आणि तो कुणाला बदलता येत नसे. पडद्यावर बाईच्या शरीराची आकृती यायची, पुढून आणि मागून, जखम जिथं असेल तिथं बोट ठेवायचं. तिला ते आवडलं होतं. ॲप बनवणाऱ्या कंपनीची एक तरुण पोरगी लॅपटॉप घेऊन यायची, तिला सगळे ॲपवाली म्हणत. ती खोलीत बसून विचारायची, सिस्टर, अजून काय हवं? तशाच एका मीटिंगमध्ये मोजपट्टी म्हणाली, “बायका परत यायला हव्यात. मुका मार तिसऱ्या दिवशी बोलतो.” ॲपवालीनं ते टिपून घेतलं. अधीक्षकांनी मान डोलावली. चहा संपला.

एकच खोड होती त्या ॲपला. मोबाईल नंबर भरल्याशिवाय ते पुढचं पान उघडत नसे. तिथं मोजपट्टी खोलीतल्या जुन्या फोनचा नंबर टाकायची. सगळ्या बायकांचा नंबर तोच. तो फोन टेबलाच्या खणात चार्जिंगला लावलेला असे आणि कधी वाजत नसे.

मग एका सकाळी ॲप नव्या रूपात उघडलं. पहिल्याच पानावर, सूर्य उगवतानाच्या चित्रावर, तिचं वाक्य छापलेलं होतं. वॉर्डातल्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. “सिस्टर, तुमचं नाव घातलं नाही बघा,” एक म्हणाली. मोजपट्टी लाजली. हे सांगायला हवं, कारण पुढं त्याच गोष्टीची तिला सगळ्यात जास्त चीड आली.

त्याच आठवड्यात बटणवाली आली. शर्टांच्या कारखान्यात बटणं लावायची, बोटांच्या टोकांना सुईची भोकं. आवाज घोगरा. नवऱ्यानं गळा दाबला होता, आणि गळ्यावर काही म्हणता काही नव्हतं. मोजपट्टीनं वरून, बाजूनं, पट्टी ठेवून फोटो काढले आणि म्हणाली, “आज गळा काही सांगत नाही. परवा सांगेल. परवा येशील?”

“कशी येऊ?”

“तूच सांग.”

बटणवालीनं विचार केला. “सुईत दोरा ओवता येत नाही म्हणते. चष्म्याचा नंबर काढायचाय.”

“झालं तर. मी तुझी सासू. चष्मा? या वयात? मुकादम काय म्हणेल?”

“मुकादम म्हणेल, बरं झालं, आता तरी बटणं सरळ लागतील.”

दोघी हसल्या. बटणवाली हसता हसता गळ्याला हात लावून थांबली.

मोजपट्टीनं फेरतपासणीच्या रकान्यात परवाची तारीख टाकली. मोबाईल नंबरची चौकट या वेळी आली नाही. ॲपवालीनं ती कटकट कमी केली असेल, असं तिला वाटलं. चांगली सुधारणा आहे, असंही वाटलं.

परवा बटणवाली आली नाही. त्यानंतरही आली नाही. यायच्या राहणाऱ्या बायका असतात, मोजपट्टीला ते नवीन नव्हतं. पण ही हसली होती.

काही आठवड्यांनी प्लास्टरच्या खोलीतून निरोप आला, मनगट मोडलेली एक बाई आहे, पडले म्हणते, तुम्ही जरा बघून जा. मोजपट्टी गेली. बाकावर बटणवाली बसली होती, उजवा हात कापडात बांधलेला, नजर फरशीवर. शेजारी नवरा. नीट भांग पाडलेला, हातात पाण्याची बाटली, बायकोसाठीच आणलेली.

“नमस्कार, सिस्टर,” तो उठून म्हणाला. “पाय घसरला हिचा. मी म्हणत होतो, बघून चालत जा.” मग खिशातून फोन काढून त्यानं तिच्यापुढं धरला. “हा तुमच्याकडूनच आला होता ना? तेव्हा यायला जमलं नाही. राहूनच गेलं.”

फोनवर मेसेज होता. *नमस्कार. मारहाण व अत्याचार तपासणी कक्षात आपली फेरतपासणी उद्या सकाळी आहे. जखमांचे फोटो काढले जातील. मुका मार तिसऱ्या दिवशी बोलतो. अवश्य या.*

मोजपट्टीनं तो वाचला. परत वाचला. नवरा अदबीनं उभा होता, बिल दाखवणाऱ्या माणसासारखा.

“एक्स-रेला पेशंट एकटाच आत येतो,” ती म्हणाली आणि बटणवालीला उठवून घेऊन गेली. जाड दार बंद झालं. मशीनचा उजेड मोडक्या मनगटावर पडला होता.

“कुठं लागलंय अजून? मला बघू दे.”

“नको.”

“तो बाहेर आहे. त्याला ऐकू जाणार नाही.”

बटणवालीनं पहिल्यांदा वर बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर मोजपट्टीला बरं वाटलं असतं.

“आपलं चष्म्याचं ठरलं होतं ना, सिस्टर?” ती म्हणाली. “मी घरी चष्मा, चष्मा करून पाठ केलं होतं. तुम्हीच कशाला कळवलंत?”

मोजपट्टीनं खिशातून पट्टी काढली. बटणवालीनं कपाळावरचा डागसुद्धा मोजू दिला नाही. दार उघडून स्वतःच बाहेर गेली, पाण्याच्या बाटलीपाशी.

मोजपट्टी तडक ॲपवालीकडं गेली. ती वरच्या मजल्यावर मीटिंगच्या खोलीत वायरी जोडत बसली होती. गुरुवारी मोठे साहेब येणार होते, ॲपला बक्षीस मिळालं होतं.

“मेसेज कुणी घातला?”

“फेरतपासणीचा? तुमच्यामुळंच की, सिस्टर. बायका परत यायला हव्यात म्हणालात ना.”

“आणि नंबर?”

“नोंदणी खिडकीवरून आपोआप येतो. पूर्वी सगळ्यांचा एकच नंबर येत होता, आम्हाला वाटलं चूक आहे. म्हणून दुरुस्त केली.”

नोंदणी खिडकीवरचा बटणवालीचा नंबर तिच्या बाळंतपणाच्या वेळचा होता. तेव्हा खिडकीशी नवरा उभा होता, त्यानं स्वतःचा दिला होता. निम्म्याहून जास्त बायकांचं तसंच. मोजपट्टीनं हे सगळं सांगितलं. प्लास्टरच्या खोलीतलंही सांगितलं. ऐकता ऐकता ॲपवालीचा चेहरा उतरला. ती वाईट पोरगी नव्हती. फोन म्हणजे ज्याचा त्याचा, एवढंच तिला आयुष्यानं शिकवलं होतं.

“मला बंद करता येतो,” ती हळू आवाजात म्हणाली. “एक बटण आहे. पण अधीक्षकांची मंजुरी लागते.”

अधीक्षक आपल्या केबिनमध्ये गुरुवारच्या भाषणाची उजळणी करत होते. ते सज्जन म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी मोजपट्टीला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि सुस्कारा सोडला.

“फार वाईट झालं. पण सिस्टर, फेरतपासणीचे आकडे बघा. कधी नव्हे इतके वाढलेत. बक्षीस त्याच्यावरच आहे.”

“बायका परत येत नाहीत, सर. माझ्या स्टुलासमोर कोणी बसत नाही. मग आकडे कुठून येतात?”

अधीक्षकांनी चष्मा काढून पुसला, मग समजावून सांगितलं. मेसेज पोचला की ॲप ‘रुग्णाशी संपर्क झाला’ असं धरतं, आणि संपर्क झाला की फेरतपासणीच्या बाजूला हिरवी खूण पडते. बटणवालीच्या नावापुढंही हिरवी खूण होती.

मोजपट्टी खुर्चीवरून उठली. “तिचं मनगट मोडलं, तीही हिरवी?”

“ते तुम्ही सिद्ध कसं करणार? ती स्वतः म्हणते पाय घसरला.”

“सिद्ध करायला ती परवा येणार होती.”

“गुरुवार होऊन जाऊ द्या,” अधीक्षक समजुतीनं म्हणाले. “आत्ता मेसेज बंद केला तर का केला ते लिहावं लागेल. पुढच्या आवृत्तीत बघू. आणि हो, त्या दिवशी तुम्ही स्टेजवर यायचं. मोठ्या साहेबांसमोर एका खोट्या रुग्णाची नोंद करून दाखवायची, आणि मग माईकवर तुमचं ते वाक्य. बाकी काही नको. एकच वाक्य.”

“तोवर येतील त्या बायकांचं काय करू?”

“तुमच्या पद्धतीनं करा. तुम्हाला काय सांगायचं.”

तिच्या पद्धतीनं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. कागदावरची नोंद आता हॉस्पिटल कोर्टात पाठवत नसे. ॲपमध्ये तारीख टाकली तर मेसेज घरी जाणार. मेसेज थांबवायचा तर ‘फेरतपासणी नको’वर बोट ठेवायचं. त्या आठवड्यात आलेल्या बायकांच्या पुढं तिनं ‘नको’वर बोट ठेवलं. एकीच्या पाठीवर आतून काहीतरी उमटू पाहत होतं, उद्या-परवा लख्ख दिसलं असतं. तिला तिनं परत बोलावलं नाही. निमित्त ठरवलं नाही, सासू झाली नाही. बाई आली तशी गेली, आणि तिच्या पाठीवरचं जे बोलणार होतं ते तिच्या ब्लाऊजच्या आत बोलून गप्प झालं. ऐकायला कोणी नव्हतं. मोजपट्टी बुटक्या स्टुलावर बसून राहिली. आपण या खोलीत आता नक्की कुणाची नोकरी करतोय, हे तिला सांगता आलं नसतं.

बुधवारी संध्याकाळी बापाचा फोन वाजला. त्यानं तो नेहमीसारखा तिच्याकडं सरकवला. “काय म्हणतोय बघ गं.”

“विजेचं बिल.”

“आणि काल एक आला होता, तुझा धाकटा वाचून दाखवत होता. त्याला विचार. मला काय, घरात जो हाताशी असेल तो वाचतो.”

तिनं फोन बराच वेळ हातात धरला.

“काय गं?” बाप म्हणाला. “बिल फार आलंय का?”

“नाही, बाबा.”

“मग तोंड असं का? निगेटिव्हसारखं. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं.”

गुरुवारी मीटिंगची खोली फुलांनी भरली होती. भिंतीवर पडदा, पडद्यावर टॅब्लेटचं चित्र मोठं होऊन दिसत होतं, सूर्य आणि त्यावर वाक्य. मोठे साहेब मध्ये, त्यांच्या शेजारी अधीक्षक. पहिल्या रांगेत अधीक्षकांच्या बायकोनं नवऱ्याचाच फोन दोन्ही हातांनी वर धरला होता. त्याचा कॅमेरा चांगला म्हणून समारंभाचं शूटिंग त्यांच्याकडं दिलं होतं. कोपऱ्यात ॲपवाली लॅपटॉपशी.

अधीक्षक बोलले. आकडे सांगितले. टाळ्या पडल्या. मग म्हणाले, “आता आमच्या सिस्टर एक नोंद करून दाखवतील. नोंद झाली की लगेच एक नमुना मेसेज जातो, तोही आपण पाहू. आणि मग हे सुंदर वाक्य ज्यांचं आहे, त्यांच्याच तोंडून ऐकू.”

मोजपट्टी स्टेजवर गेली. टॅब्लेट हातात घेतला. खोट्या रुग्णाचं वय टाकलं, आकृतीच्या गळ्यावर बोट ठेवलं; पडद्यावर गळा लाल झाला. फेरतपासणीची तारीख टाकली. खोट्या रुग्णाची नोंदणी खिडकीवर नोंद नसते, म्हणून ॲपनं मोबाईल नंबर विचारला. ती तो भरू लागली, एकेक आकडा, सावकाश. आकडे भिंतीवर ताटाएवढे उमटत गेले. लोक बघत होते. अधीक्षकही कौतुकानं बघत होते. मग त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं आणि डोळे बदलले. हा नंबर त्यांना पाठ होता. हॉस्पिटलातल्या प्रत्येक परिपत्रकाखाली तो असायचा.

“सिस्टर,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “काय करताय?”

तिनं शेवटचा आकडा भरला आणि ‘पाठवा’वर बोट ठेवलं.

पहिल्या रांगेत फोन वाजला. अधीक्षकांच्या बायकोनं शूटिंग करता करताच तो खाली घेतला. वाचू लागल्या. भिंतीवर पण तेच शब्द होते, पण त्यांनी भिंतीकडं बघितलं नाही. घरातला माणूस फोन बघतो तसा त्यांनी तो बघितला, भुवया आक्रसून, जवळ धरून. *मारहाण व अत्याचार. आपली फेरतपासणी. जखमांचे फोटो.* मग मान वर करून त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. तो नमुना आहे हे कळायला त्यांना एखादा क्षण लागला असेल. त्या क्षणापुरते अधीक्षक सगळ्या लोकांदेखत, स्टेजवर, सुटाबुटात, एका प्रश्नासमोर उभे होते.

“काही नाही, काही नाही,” ते बायकोला म्हणाले. माईक चालू होता. “घरी सांगतो.”

खोलीत कोणी खाकरलं. मोठ्या साहेबांनी विचारलं, “म्हणजे हा मेसेज जातो कुणाला?”

अधीक्षकांनी मोजपट्टीकडं पाहिलं. ती टॅब्लेट छातीशी धरून उभी होती. त्यांनी ॲपवालीकडं पाहिलं.

“बंद करा ते,” ते म्हणाले.

“मंजुरी, सर?”

“मी देतोय ना. आत्ता करा.”

ॲपवालीनं बटण दाबलं. आवाजही झाला नाही. इतकंच काम होतं. एवढ्याशा बोटाच्या दाबासाठी एक मनगट मोडलं होतं, आणि बाकीच्या किती बायकांच्या घरी काय वाचलं गेलं होतं ते कुणालाच कळणार नव्हतं. त्या सगळ्यांपुढं हिरव्या खुणा होत्या.

अधीक्षकांनी घाम पुसला, सवयीनं हसले आणि माईक तिच्यापुढं केला. सभा पुढं न्यायची होती. पडद्यावर पुन्हा सूर्य आला होता. सगळे तिच्या वाक्याची वाट बघत होते. पुढच्या रांगेतल्या बाई तर फोन खाली ठेवून, टक लावून.

मोजपट्टीनं टॅब्लेट टेबलावर ठेवला. खिशातली पट्टी चाचपून बघितली. मग स्टेजच्या दोन पायऱ्या उतरून, खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं, गुच्छांच्या बाजूनं ती दाराशी गेली, आणि तळमजल्यावरच्या आपल्या खोलीकडं निघून गेली.